सर आणि साडेतीन सेंटिमीटर

सटाण्यात ज्या घरांनी लग्नात फोटोग्राफरचे पैसे वाचवले, त्या घरांतले अल्बम एकदा उघडून बघा. नवरदेवाची शेरवानी दिसते, गळ्यातला हार दिसतो, हातातली कट्यार दिसते, तिच्या टोकाला खोचलेलं लिंबूसुद्धा दिसतं. मुंडावळ्या लोंबताना दिसतात, पण ज्या कपाळाला त्या बांधल्यात ते कपाळ फोटोत नाही. फेटा बांधायला मालेगावहून खास माणूस आणला होता, ही गोष्ट पुढच्या पिढीला तोंडीच सांगावी लागते. पायांकडे मात्र कशाचीही कमतरता नाही. मोजड्या आहेत, सतरंजी आहे, सतरंजीच्या पलीकडे काढून ठेवलेल्या चपलांची रांग आहे, आणि त्या चपलांत आपली कुठली हे शोधणारं एखादं पोरही आहे.

हे सगळे फोटो आमच्या सरांनी काढलेले आहेत. फुकट.

सरांनी बागलाणातल्या दोन-अडीच पिढ्यांना विज्ञान शिकवलं. आज बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारणारा, तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा आणि नामपूर रस्त्याला खतांचं दुकान टाकून बसलेला, तिघेही सरांच्या हाताखालून गेलेले. हाताखालून म्हणजे पट्टीखालून. प्रयोगशाळेत सरांचा एकच हट्ट असे: आकडा वाचताना डोळा समोर. मोजपात्रातलं पाणी वरून बघितलं तर पातळी जास्त दिसणार, खालून बघितलं तर कमी. पट्टीवर नजर तिरकी पडली की मिलिमीटर खोटा. "वस्तू तीच, जागा बदलली की दिसणं बदललं. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. काय म्हणतात?" असं विचारत ते बाकांमधून फिरत, आणि ज्याला उत्तर येत नसे त्याला ते बोटांच्या पेरांवर मिळे. एवढं सांगितल्यावर पुढचं वाचताना तुम्हाला सरांच्या अज्ञानाचा संशय येणार नाही. ते अज्ञान असतं तर गोष्ट इतकी लांबलीच नसती.

निवृत्तीनंतर, 2008च्या दिवाळीत, पुण्याच्या मुलानं त्यांना डिजिटल कॅमेरा आणून दिला. चंदेरी रंगाचा, मुठीत मावणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मागं स्क्रीन, आणि स्क्रीनच्या वर डोळा लावायला एक इवलीशी खिडकी. तेव्हाच्या स्वस्त कॅमेऱ्यांत अशी खिडकी असायची. मुलाचं म्हणणं साधं होतं: "पप्पा, स्क्रीनमध्ये बघा आणि बटण दाबा." सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि नाकारलं.

नाकारताना दिलेल्या कारणांत एकही चुकीचं नव्हतं. बागलाणातल्या मे महिन्याच्या उन्हात स्क्रीनमध्ये समोरचा माणूस दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. हे खरं आहे. स्क्रीन चालू ठेवली की पेन्सिल सेल लवकर बसतात, बंद ठेवली तर बरेच दिवस जातात. हेही खरं. कॅमेरा कपाळाला टेकवला आणि कोपरं बरगड्यांना लावली की हात कमी हलतो. अगदी खरं, जुने फोटोग्राफर हेच सांगतात. शिवाय आरतीचं ताट धरल्यासारखे दोन्ही हात पुढं करून चारचौघांत उभं राहणं सरांना शोभणारं नव्हतं. तेव्हा स्क्रीन बंद झाली. नुसती बंद झाली असती तरी चाललं असतं. पण तिला ओरखडे पडू नयेत म्हणून सरांनी वहीचा पुठ्ठा मापात कापून तिच्यावर चिकटवला. त्यामुळे काढलेला फोटो कसा आला हे बघायची सोयही गेली. निकाल लागायचा तो लॅबमधून फोटो छापून आल्यावर, थेट गुणपत्रिकेसारखा.

पहिल्याच गठ्ठ्यात डोकी गेलेली निघाली. दुसरा कुणी असता तर त्यानं पुठ्ठा काढला असता. सरांनी व्हर्नियर कॅलिपर काढला.

ओट्यावर बसून त्यांनी लेन्सच्या मध्यापासून खिडकीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजलं. साडेतीन सेंटिमीटर भरलं. मग जो येईल त्याला समजावून सांगणं सुरू झालं. लेन्स इथं, खिडकी इथं, वर. आपण बघतो वरच्या भोकातून, फोटो घेतं खालचं भोक. आपल्याला माणूस मधोमध दिसतो; लेन्सला तोच माणूस साडेतीन सेंटिमीटर वर सरकलेला दिसतो. दहा मीटरवरच्या माणसाला साडेतीन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, कारण चौकटीत अख्खं घर मावतंय. एक मीटरवर तेवढ्यात केस जातात. हातभर अंतरावर तर सगळंच जातं. लायका कंपनीनं 1954 साली एम-थ्री कॅमेऱ्यात यावर इलाज काढला: फोकस जवळ आणला की खिडकीतली चौकट आपोआप सरकते. "पण तो कॅमेरा आपल्याला परवडायचा नाही," असं म्हणून सर थांबत. ऐकणाऱ्याला वाटे की आता ते कॅमेरा खाली ठेवणार. ते उचलत.

हे व्याख्यान ओट्यावर होई तोवर ठीक होतं. पुढं ते फोटो काढायच्या आधी, समोर माणसं उभी करून होऊ लागलं. म्हातारी माणसं खुर्च्यांत, सुना मागं, पोरं पुढं मांडी घालून, आणि सर लायकापर्यंत पोचलेले. एखादं बाळ भोकाड पसरायचं. मग सर म्हणायचे, "रेडी! एक, दोन, तीन." आणि खटॅक. मागच्या रांगेतल्या सगळ्या सुना गळ्यापर्यंत.

एवढं ठाऊक असूनही डोकी का जात? मी याचा बराच विचार केला आहे. पॅरॅलॅक्सचा भाग यात थोडा, मोठा भाग सरांच्या अभ्यासाचा. कॅमेऱ्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका सटाण्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला हा एकच माणूस. अशा कॅमेऱ्यांच्या खिडकीत दिसतं त्यापेक्षा फोटोत जास्त येतं, हे त्यांना तेव्हाच कळलं. खिडकीत दिसतो तो साधारण 80-85 टक्के भाग. बाकीचा कडेनं, न दिसता, आत येतो. कंपन्यांनी ही सवलत कशासाठी ठेवली? तुमच्या-माझ्यासारख्या धांदरट माणसानं नेम थोडा चुकवला तरी कुणाचं डोकं जाऊ नये म्हणून. सरांना ही सवलत म्हणजे हिशेबात न धरलेली शिल्लक वाटली. पंधरा टक्के वाया का घालवायचे? म्हणून ते पुढं सरकत. डोकी खिडकीच्या वरच्या कडेबाहेर गेली की म्हणत, "दिसत नाहीयेत, पण येणार. वर साडेसात टक्के आहेत." वरचे साडेसात टक्के त्यांनी आधीच खर्च केले, आणि मग साडेतीन सेंटिमीटर वसुलीला आले. काहीच न वाचलेल्या माणसानं याच कॅमेऱ्यानं, याच खिडकीतून, पूर्ण माणसं काढली असती. त्यांच्या नातवानं काढलीही होती. तेव्हा तो चौथीत होता.

सर चूक मान्य करत नसत असं नाही. ते दुरुस्ती करत, आणि दुरुस्ती हे त्यांचं दुसरं हत्यार. एकदा वरून माणसं कापली गेली म्हणून त्यांनी कॅमेरा वर धरायचा नियम केला. नेमका त्या आठवड्यात निवृत्त शिक्षकांचा साल्हेरला जायचा बेत ठरला. साल्हेर म्हणजे महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, 1,567 मीटर. वाघांब्याच्या बाजूनं धापा टाकत चढलेली माणसं वीस पावलांवर ओळीनं उभी राहिली. इतक्या लांबून पॅरॅलॅक्स नावालाही उरत नाही, म्हणजे दुरुस्तीची गरजच नव्हती. सरांनी ती इमानानं केली. फोटोत दोन तृतीयांश आकाश आहे, त्यात एक घार आहे, आणि खालच्या कडेला सात टोप्या आहेत. त्याच दिवशी त्यांनी समोरून नुसत्या किल्ल्याचाही फोटो घेतला. तो उत्तम आला. 1672च्या लढाईत मुघलांना जे साधलं नाही ते सरांनाही साधलं नाही. साल्हेर जसाच्या तसा राहिला.

मग उभा फोटो. कॅमेरा आडवा धरला की खिडकी वर येते म्हणून डोकी जातात. उभा धरला की खिडकी बाजूला जाते आणि डोकी वाचतात, असं तर्कशुद्ध अनुमान सरांनी काढलं. डोकी वाचली. दोधेश्वरला एका जोडप्याचा जवळून उभा फोटो काढला. त्यात नवरी केसांच्या गजऱ्यासह पूर्ण आहे, देवळाचं शिखर पूर्ण आहे, आणि नवरीच्या खांद्यावर एक घड्याळ बांधलेला हात आहे. हात कुणाचा हे सासरच्यांना घड्याळावरून ओळखावं लागलं.

चष्म्याची अडचण आणखी वेगळी. चष्मा लावून डोळा खिडकीला पुरता चिकटत नाही, कडा दिसत नाहीत. चष्मा कपाळावर चढवला तर कडा दिसतात, माणसं दिसत नाहीत. सर दोन्ही करत, आधी एक मग दुसरं, आणि दोन्हींची मनातल्या मनात सरासरी काढत. त्यातच लेन्स पुढं आली की तिची नळी खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात दिसायची. काळं काहीतरी मधे येतंय म्हणून सरांनी कित्येक वेळा पुढं बसलेल्या पोराला डोकं खाली घे म्हणून दटावलं आहे. पोर बिचारं जमिनीला टेकायचं, काळं तिथंच राहायचं.

या सगळ्यात शिरपेच शोभावा असा प्रसंग डाळिंबाचा. आमच्या भागात डाळिंबाच्या बागा पुष्कळ, आणि बाग म्हटली की तेल्याची धास्ती. फळावर तेलकट काळे डाग पडतात, तडे जातात, होत्याचं नव्हतं होतं. सरांच्या एका विद्यार्थ्याच्या बागेत असे डाग दिसले. कृषी सल्लागार बाहेरगावी होते. त्यांनी फोटो पाठवायला सांगितलं. सर कॅमेरा घेऊन हजर. फूल दाखवणाऱ्या चिन्हावर बटण फिरवलं, वीतभर अंतरावर कॅमेरा नेला, खिडकीतून डागाळलेलं डाळिंब बरोबर मधोमध धरलं, श्वास रोखला. वीतभर अंतरावर चौकटच जेमतेम फळाएवढी, त्यात साडेतीन सेंटिमीटरची सूट. शिवाय सवयीनं फळाच्या फार जवळ गेलेले. फोटोत फळाचा खालचा मुकुटसुद्धा पुरता आला नाही. आली ती ठिबकची नळी, अतिशय सुबक, तिच्या भोकातून सुटणारा थेंबही स्पष्ट. सल्लागारांचा संध्याकाळी फोन आला: नळीला काही रोग दिसत नाही, थोडी शेवाळ आहे, क्लोरीन सोडून घ्या.

शेतकरी समजूतदार होता. त्यानं सरांना काही सुनावलं नाही, फांदी तोडून थैलीत घातली आणि एसटीनं सल्लागारांकडे घेऊन गेला. सगळेच इतके समजूतदार नसतात. कांद्याला चांगला भाव मिळाला म्हणून एकाचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि सर. फोटो हातात आल्यावर तो थेट ओट्यावर आला. "सर, फोटू भारी शे. पन मन्हं डोकं कथं गयं?" सरांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला आणि निकाल दिला: "तू हललास." माणूस म्हणाला, हललो असतो तर शालसुद्धा हलली असती. सर म्हणाले, "शाल स्थिर होती. तू शालीच्या आत हललास."

सरांसारखी माणसं गावोगाव आहेत. मोटार बंद पडली की वायरमन वाइंडिंग सोडून बघत असतो आणि शेजारी उभं राहून हे त्याला फॅरेडेचा नियम सांगत असतात. नियम बरोबर असतो. वायरमनला तो ठाऊक नसतो. मोटार वायरमन चालू करतो आणि त्यानं नियम सिद्ध झाला म्हणून समाधान यांना वाटतं. मला या माणसांचा राग येत नाही. गावात एखाद्याला तरी कारण ठाऊक असावं, मग काम कुणाकडूनही होवो.

आणि एकदा तर सर खरोखर बरोबर होते, तेव्हा कुणी त्यांचं ऐकलं नाही. एका साखरपुड्याला त्यांनी चक्क चार पावलं मागं जाऊन, पंधरा टक्क्यांचा मोह टाळून, डोक्यांवर जागा सोडून फोटो घेतला. छापून आला तर डोकी गेलेली. सरांना हा घाव सोसेना. त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. या कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन प्रमाणाचा. लॅबचा कागद 6 बाय 4 इंच. 6 इंच रुंदी भरायची तर उंची साडेचार इंच लागणार, कागद चारच. मशीन अर्धा इंच कापतं, पाव वरून, पाव खालून. फिल्मच्या रोलचा फोटो तीनास दोन असायचा, तो या कागदावर नेमका बसे. डिजिटल आला आणि कागद तोच राहिला. हिशेब बिनचूक होता. घरोघरच्या अल्बममधली निम्मी टाळकी या पाव इंचात गेली आहेत, असं मला आता वाटतं.

पण ते ऐकणार कोण? सरांनी पुरावा द्यायचं ठरवलं. गल्लीतली माणसं घरी बोलावली, काकूंनी चहा टाकला, कॅमेऱ्याची पिवळी पिन टीव्हीला जोडली. टीव्ही जुना, ट्यूबचा. त्या टीव्ह्यांची एक खोड होती: चित्राच्या कडा काचेच्या चौकटीमागं लपवायच्या, कारण कडेला चित्र नीट नसे. सरांच्या कॅमेऱ्यात डोकी होती, टीव्हीनं ती चौकटीमागं ढकलली. खोलीत शांतता पसरली. "बघा," सर म्हणाले, आणि सगळ्यांनी बिनडोक्याचा साखरपुडा बघितला. चहा चांगला झाला होता, असं म्हणत माणसं उठली. नंतर नातवानं तोच फोटो कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा सगळी डोकी होती, वर दोन बोटं जागासुद्धा. पण तोवर गल्ली जेवायला बसली होती. काकू तेवढ्या बघायला आल्या. म्हणाल्या, "आमच्या घरात देवांचेच तेवढे पूर्ण फोटो आहेत, तेही कॅलेंडरवरचे."

देवांचंही सगळं खरं नाही. मार्गशीर्षात देवमामलेदारांची यात्रा भरते. 1870-71च्या दुष्काळात सरकारी खजिना उघडून लोकांत वाटणारे आमचे मामलेदार, यशवंतराव महाराज. त्यांचा रथ गावातून निघतो. सर गर्दीत पुढची जागा धरून दरवर्षी रथाचा फोटो घेतात. रथाच्या चाकांचे त्यांच्याकडे जेवढे फोटो आहेत तेवढे ती चाकं घडवणाऱ्या सुताराकडेही नसतील.

पुढं काळ बदलला. कॅमेऱ्यांवरच्या या खिडक्या एकेक करून गेल्या. कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेत 2011च्या ए-1200ला ती होती, पण असे कॅमेरे तेव्हाच थोडे उरले होते. मग मोबाइल आले, आणि त्यांना खिडकी नव्हतीच. मुलानं दिलेला मोबाइल सरांनी उलटसुलट करून बघितला, डोळा लावायला जागा सापडेना, तेव्हा ‘अपूर्ण यंत्र’ असा शेरा मारून तो काकूंना दिला. काकू त्यावर खापरावरच्या मांड्यांचे फोटो काढतात. मांडा काठापासून काठापर्यंत येतो. सर तो फोटो बघतात आणि म्हणतात, "वरून काढलाय म्हणून आला."

गाव मात्र सरांना सोडायला तयार नव्हतं. एक तर सगळे विद्यार्थी, दुसरं म्हणजे कुठल्याही कार्याला ते न बोलावता येत आणि सेल स्वतःचे आणत. त्यावर उपाय शोधला तो कुणी, याबद्दल वाद आहेत. ठेंगोड्याचे लोक म्हणतात आम्ही, सटाण्याचे म्हणतात आम्ही. उपाय असा: सर "रेडी" म्हणतात तेव्हा त्यांचा नेम धरून झालेला असतो. "एक"ला ते श्वास घेतात. "दोन"ला रोखतात. या "दोन"ला सगळ्यांनी मिळून गुडघ्यात वाकायचं. साडीत आणि धोतरात हे बाहेरून दिसत नाही. "तीन"ला खटॅक. मग सावकाश उभं राहायचं.

हे इतकं अंगवळणी पडलं की आता लहान पोरंही वाकतात. पंचाईत होते ती पाहुण्यांची. मागच्या लग्नसराईत धुळ्याचं वऱ्हाड आलं होतं. दोन्हीकडच्यांचा एकत्र फोटो झाला. छापून आला त्यात सटाण्याची माणसं डोक्यासकट, हसरी; धुळ्याची शालींपर्यंत. मुलीकडचे कोण आणि मुलाकडचे कोण, हे त्या फोटोखाली लिहावं लागलं नाही. सरांनी फोटो बघून मान डोलावली. साडेतीन सेंटिमीटर नीट हिशेबात धरले की हे असं जमतं, म्हणाले. धुळ्याच्या लोकांना मात्र स्थिर उभं राहता येत नाही.

तेव्हा, कधी सटाण्यात लग्नाला आलात आणि चष्मा कपाळावर चढवलेला एक गृहस्थ चंदेरी कॅमेरा डोळ्याला लावून समोर उभा दिसला, तर लायकापर्यंतचं सगळं शांतपणे ऐकून घ्या, "रेडी"पर्यंत ताठ उभे राहा, आणि "दोन" म्हटल्याबरोबर चार बोटं खाली या. फोटो 6 बाय 4वर छापून घ्यायचा असेल तर वीतभर.